तीन पाळ्या आणि बीपीची एक गोळी

हे मुख्यतः पाळीत काम करणाऱ्यांसाठी लिहितोय. कारखाना, एसटी, पोलीस, दवाखाना, टोलनाका, म्हणजे जिथे झोपायची-उठायची वेळ दर आठवड्याला बदलते तिथल्या लोकांसाठी. बीपीची गोळी सुरू झाली की सगळे सांगतात, "रोज ठरावीक वेळी घ्या." आपल्याकडे ठरावीक वेळच नसते. मला ती सापडेपर्यंत अर्धा गळीत हंगाम गेला.

मी कराडकडच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे, वय सत्तेचाळीस. ऑगस्ट २०२३ मध्ये, ओव्हरहॉलिंग (हंगामाआधीची यंत्रांची दुरुस्ती) चालू असताना, कामगारांची वार्षिक तपासणी झाली. वजन, नजर, कान, शुगर, बीपी. माझं बीपी १६८/१०४ आलं. "जिना चढून आलात का?" म्हणून पाच मिनिटं खुर्चीत बसवलं, परत बघितलं तर १६४/१०२. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, जेवण-झोप नीट. तरीही टाळाटाळ केली नाही, कारण वडिलांना साठीच्या आतच लकवा मारला होता आणि त्यांनाही आधी काही होत नव्हतं.

गावातल्या डॉक्टरांनी आठवडाभरात वेगवेगळ्या दिवशी बीपी मोजलं, ईसीजी काढला, रक्त-लघवीच्या तपासण्या केल्या. क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि कोलेस्टेरॉल धरून साधारण चौदाशे रुपये गेले. मग अ‍ॅम्लोडिपिन ५ ची रोज एक गोळी सुरू झाली. गोळी आयुष्यभराची आहे हे ऐकून मला सगळ्यांना वाटतं तेच वाटलं, की आता आपण पेशंट झालो. घरी आल्यावर पाकीट फ्रिजवर ठेवलं आणि त्या दिवशी कुणाशी फारसं बोललो नाही.

दरमहा तपासणीसाठी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा, हे त्याच डॉक्टरांनी सुचवलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळं मोफत झालेलं होतं. पहिल्या दिवशी दोन-अडीच तास गेले. खिडकीवर आधार कार्ड आणि मोबाइल नंबर देऊन केसपेपर काढायचा, मग असंसर्गजन्य आजारांच्या (बीपी, शुगर वगैरे) खोलीबाहेर बाकावर बसायचं. सिस्टर बीपी मोजतात, टॅबवर नोंद करतात, क्यूआर कोडचं एक कार्ड देतात. मग डॉक्टर आणि शेवटी औषधाच्या खिडकीसमोर दुसरी रांग. पुढच्या महिन्यापासून कार्ड दाखवलं की काम पाऊण तासात उरकायला लागलं. सोमवारी आणि बाजाराच्या दिवशी मात्र जाऊ नका. आणि कार्डाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण कार्ड घरी राहिलं की परत पहिल्या रांगेत उभं राहावं लागतं.

बीपी मोजून घेण्याचीही रीत आहे, ती तिथल्या सिस्टरांनी शिकवली. आधीचा अर्धा तास चहा आणि तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा गुंडाळलेला हात छातीच्या उंचीला टेबलावर हवा. मोजताना बोलायचं नाही. आमच्याकडचे लोक नेमके तेव्हाच उसाच्या दरावर बोलायला लागतात.

सप्टेंबर-ऑक्टोबर सरळ गेले. ऑफ सीझनला जनरल पाळी असते, त्यामुळे सकाळी पोहे खाल्ले की गोळी, असा परिपाठ बसला. ऑक्टोबरमध्ये बीपी १४४/९० पर्यंत आलं. मला वाटलं, झालं, यात अवघड ते काय.

मग १ नोव्हेंबर २०२३ ला राज्यात गळीत हंगाम सुरू झाला आणि आम्ही पाळ्यांवर आलो. बाहेरच्यांना कल्पना नसते म्हणून सांगतो. आमच्याकडे पहाटे चार ते दुपारी बारा, बारा ते रात्री आठ आणि रात्री आठ ते पहाटे चार अशा तीन पाळ्या असतात आणि आठवड्याला पाळी बदलते. पहिल्या पाळीला तीनला उठायचं आणि कपभर चहा घेऊन सायकल काढायची. पोहे साडेआठला कँटीनमध्ये, गोळी घरी फ्रिजवर. रात्रपाळीत पहाटे साडेचारला घरी येऊन झोपायचं ते अकरा-बाराला उठायचं, म्हणजे न्याहारी नाहीच, थेट जेवण. पोह्यांना बांधलेली गोळी पोह्यांबरोबरच गेली. त्यात दिवाळी आली, पाहुणे आले, फराळाचे डबे फ्रिजवर चढले आणि पाकीट त्यांच्या मागे गेलं.

या गोळीचं खरं दुखणं असं, की ती विसरली तर काहीच होत नाही. पित्ताची गोळी राहिली तर छाती जळजळते, गुडघ्याची राहिली तर जिना आठवण करून देतो. बीपीची राहिली तर माणूस त्या दिवशी उलट जास्तच ठणठणीत वाटतो. शरीर हाक मारत नाही, त्यामुळे आठवण बाहेरूनच आणावी लागते.

दुसरी भानगड याहून वाईट. गोळी घेतली की नाही हेच आठवत नाही. रोज तोच ग्लास, तीच गोळी, तोच घोट, त्यामुळे कालचं घेणं आणि आजचं घेणं डोक्यात एकात एक मिसळतं. मग दोन्हीकडून भीती. परत घेतली आणि डबल झाली तर? नाही घेतली आणि आधीही राहिलेली असली तर? मी लॅबमध्ये तासातासाला रसाचे नमुने घेतो, ब्रिक्स, पोल (रसात विरघळलेले पदार्थ आणि साखर किती ते), पीएच रजिस्टरला चढवतो, आणि रजिस्टर बघितल्याशिवाय मागच्या तासाचा आकडा कुणी विचारला तर सांगत नाही. घरी मात्र सगळा हिशेब आठवणीवर चालला होता.

डिसेंबरची तारीख माझ्याकडून टळली. चार दिवसांनी दवाखान्यातून फोन. "दादा, तुमची गोळी संपली असेल, कधी येताय?" मला वाटलं कंपनीचा फोन आहे, काहीतरी विकायचं असेल. नंतर कळलं की हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक कार्यक्रम सुरू केला, त्यात आपला सातारा जिल्हा पहिल्या टप्प्यापासून आहे. तारीख चुकवलेल्यांची यादी निघते आणि फोन जातात. "येताना उरलेली पाकिटं पण घेऊन या," असं सिस्टर शेवटी म्हणाल्या.

मी पाकिटं टेबलावर ठेवली. त्यांनी रागावल्यासारखं काही केलं नाही. एकेक पाकीट उलटं करून अंगठ्याने गोळ्यांचे फुगे चाचपले, भरलेले मोजले, केसपेपरवर आकडा लिहिला आणि मगच पट्टा बांधला. १५८/९८. महिन्याच्या गोळ्यांतलं जवळजवळ एक अख्खं पाकीट शिल्लक होतं. डॉक्टरांनी आकडा बघितला आणि म्हणाले, "बीपी वाढलंय, पण मी आज दुसरी गोळी वाढवणार नाही. ही पोटात जातच नसेल तर कमी पडते की नाही ते मला कसं कळणार? एक महिना नीट घ्या, मग ठरवू."

चुकलेल्या गोळीचं काय करायचं तेही तेव्हाच विचारून घेतलं. आठवली की लगेच घ्यायची. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यायची. दोन एकदम घ्यायच्या नाहीत. अ‍ॅम्लोडिपिन शरीरात बराच वेळ टिकतं, निम्मं उतरायलाच तीस ते पन्नास तास लागतात, म्हणून चार तास इकडेतिकडे झाले तर घाबरायचं कारण नाही. सगळ्या गोळ्या अशा नसतात. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन अचानक बंद केलं तर त्रास उलटू शकतो. त्यामुळे आपली गोळी कोणती, तिचा नियम काय, हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं. माझ्यावरून ठरवू नये.

डिसेंबर उपाय करून बघण्यात गेला. मोबाइलचा गजर पहिला. सकाळी नऊचा लावला. पहिल्या पाळीत तेव्हा मी मिलच्या आवाजात असायचो, गजर ऐकूच यायचा नाही. रात्रपाळीत तो मला गाढ झोपेतून उठवायचा, मी बंद करून परत झोपायचो. गजर बंद करायचीही सवय लागते, हात आपोआप जातो. मग बायकोने जबाबदारी घेतली. "अहो, गोळी घेतली का?" दिवसातून दोनदा. मी न बघताच "हो" म्हणायचो. तिच्या ते लक्षात आलं आणि त्यावरून आमचं वाजलं. हा उपाय कुणाला लागू पडत असेल तर चांगलंच, आमच्या घरात नाही पडला.

मग मेडिकलमधून सात खणांची डबी आणली, एकशे वीस रुपये. सोमवार ते रविवार. खण रिकामा म्हणजे गोळी घेतली. 'घेतली का' या प्रश्नाचं उत्तर पहिल्यांदाच डोळ्यांना दिसायला लागलं आणि मला खरंच हायसं वाटलं. पण डबी घरी, मी कारखान्यात. आणि रात्रपाळीतला बुधवार नेमका कधी संपतो, हा प्रश्न उरलाच.

जानेवारी २०२४ मध्ये एका रात्रपाळीत, कारखाना दोन तास बंद पडलेला असताना, लॅबमधल्या आलेख कागदावर चोवीस तासांच्या तीन ओळी आखल्या, प्रत्येक पाळीची एक. झोपेचे तास पेन्सिलने भरले. तिन्ही ओळींत कोरा राहिलेला पट्टा निघाला तो दुपारी बारापासून रात्री साडेआठपर्यंतचा. म्हणजे सकाळची वेळ धरण्यात सुरुवातीपासूनच अर्थ नव्हता. आणि त्या पट्ट्यात रात्रीचे आठ होते. रात्री आठला आमचा भोंगा होतो. पहिल्या पाळीत तेव्हा मी घरी ताटावर असतो, दुसरीत सुटत असतो, तिसरीत कामावर चढत असतो. तिन्ही वेळी जागा आणि तिन्ही वेळी भोंगा ऐकू येण्याच्या अंतरात. तीन-चार किलोमीटरवरच्या वस्त्यांनाही तो जातो, मोबाइलसारखा बंद करता येत नाही.

डॉक्टरांना विचारलं, सकाळची गोळी रात्री आठला घेतली तर चालेल का. ते म्हणाले, खुशाल घ्या. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक लोकांवर यासाठीच मोठा अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला. निम्म्यांनी गोळी सकाळी घेतली, निम्म्यांनी संध्याकाळी. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या दृष्टीने फरक पडला नाही. ज्या वेळी तुमच्या लक्षात राहील ती तुमची वेळ, असं म्हणून त्यांनी केसपेपरवर 'रात्री ८' लिहिलं. हे मला सप्टेंबरमध्येच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा मीही विचारलं नव्हतं.

आता प्रश्न होता गोळी जवळ असण्याचा. घरी एक पाकीट आणि लॅबच्या कपाटात एक, असं आधी केलं. दोन ठिकाणचा हिशेब लागेना, म्हणून एकच पाकीट ठेवलं, तेही गेटपासच्या प्लास्टिक कव्हरमध्ये. पासशिवाय गेटच्या आत सोडत नाहीत, त्यामुळे तो कधी घरी राहत नाही. आणि पाकिटाच्या मागच्या चंदेरी बाजूवर प्रत्येक गोळीमागे तारीख घातली, काचेच्या नळ्यांवर नंबर टाकायला आम्ही जे मार्कर पेन वापरतो त्याने. साधं बॉलपेन चालत नाही, पत्रा फाटतो. दहा गोळ्या, दहा तारखा. आजच्या तारखेचा फुगा फुटलेला दिसला की विषय संपला. याला खर्च शून्य, आणि डबीपेक्षा हे मला जास्त मानवलं.

त्या महिन्यात गोळी चुकली नाही असं नाही, एका लग्नात राहिली. पण फेब्रुवारीत सिस्टरांनी पाकीट उलटं केलं तेव्हा तारखांवर बोट फिरवत हसल्या आणि बाकावरच्या दोघा-तिघांना ते दाखवलं. बीपी १४६/९२. आता डॉक्टर म्हणाले, "आता कळलं, एक गोळी कमी पडतेय." टेल्मिसार्टन ४० वाढवली. या गोळीनंतर काही आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघतात. ते रक्त तिथेच घेतलं, रिपोर्ट तीन दिवसांनी मिळाला, नॉर्मल आला.

टेल्मिसार्टनबाबत औषधाच्या खिडकीवरच्या फार्मासिस्टने एक गोष्ट सांगितली, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. ही गोळी हवेतली ओल ओढते, म्हणून घ्यायच्या वेळेआधी पाकिटातून काढून ठेवायची नाही. म्हणजे सात खणांच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या सुट्या ओतून ठेवणं तिला चालत नाही. साखर कारखान्यातल्या माणसाला हे लगेच पटतं, पावसाळ्यात गोदामातल्या पोत्यांचं काय होतं ते आम्ही बघतो. डबीच वापरायची असेल तर कात्रीने एकेक फुगा पत्र्यासकट कापून खणात ठेवा. कोपरे टोकदार राहतात, ते गोल करा, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी कापून ठेवत असाल तर गोळी पत्र्यातून बाहेर काढूनच गिळायची हे दोनदा सांगा.

मार्चच्या शेवटी दवाखान्यात टेल्मिसार्टन संपलेली होती, आठ दिवसांनी या म्हणाले. आठ दिवस थांबायचं नाही, बाहेरून घ्यायची. जनऔषधी केंद्रात दहा गोळ्या बारा रुपयांच्या आसपास मिळाल्या. तेव्हापासून मी पाच-सहा गोळ्या हाताशी असतानाच पुढची तारीख धरतो.

संकष्टीला बायकोने विचारलं, चंद्रोदय व्हायचाय, गोळी आता कशी घेणार? माझ्या या दोन्ही गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तरी चालतात, डॉक्टरांना विचारलेलं होतं. बाकीचं आईने मिटवलं. "औषधाला कसला आलाय उपास?" म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. नवरात्रात गावातले निम्मे बीपीवाले गोळी बंद करतात आणि वर शेंगदाण्याची खारवलेली उसळ, बटाट्याचे वेफर्स खातात, याची मला आता काळजी वाटते. आपण काय बोलणार, पण विचारलं तर सांगतो.

एप्रिलमध्ये हंगाम संपला आणि आठचा भोंगा बंद झाला. पहिल्याच आठवड्यात दोनदा गोळी राहिली. मग लक्षात आलं, की वेळ माझी नव्हतीच, भोंग्याची होती. ऑफ सीझनला संध्याकाळी घरीच असतो, म्हणून गेटपासचं पाकीट जेवायच्या टेबलावरच्या मिठाच्या बरणीला रबराने बांधलं. मिठाला हात गेला की गोळी दिसते. मिठालाच का, असं मुलीने विचारलं. मुद्दाम, म्हटलं, त्या निमित्ताने हातही आखडता राहील. नोव्हेंबरात पाकीट परत गेटपासमध्ये.

मे महिन्यात पाय सुजले, घोट्याजवळ मोज्यांचे वळ उठायला लागले. मित्र म्हणाले, गोळी सोड, किडनीवर जातेय. परस्पर न सोडता दवाखान्यात दाखवलं. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याला सूज येऊ शकते, किडनीचा संबंध नाही, रक्त-लघवी नॉर्मल आहे, असं डॉक्टरांनी दाखवून दिलं. उभं राहायचं काम कमी, बसल्यावर पाय वर, असं सांगितलं. सूज बरीच उतरली. उतरली नसती तर गोळी बदलायचा पर्याय होता. याच वेळी त्यांना कळलं की कंबरेसाठी मी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी आणून खातोय. त्यानेही बीपी वाढतं, आणि टेल्मिसार्टनबरोबर ते किडनीला बरं नाही. बीपीच्या गोळीबरोबर आपण आणखी काय काय खातो, हे आपणहून सांगायला हवं. कुणी विचारत नाही.

जुलैत माउलींच्या पालखीबरोबर लोणंद ते फलटण चाललो. गोळ्या वरच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत, केसपेपरच्या झेरॉक्ससकट, कारण पाऊस कधी येईल सांगता येत नाही. जायच्या आधी डॉक्टरांना विचारलं होतं. जुलाब-उलट्या लागल्या, अंगातलं पाणी गेलं, तर टेल्मिसार्टन तशीच चालू न ठेवता आधी जवळच्या वैद्यकीय पथकाला दाखवायचं, असं सांगितलेलं. तशी वेळ आली नाही. तरडगावच्या मुक्कामात आठ वाजता भजन चालू होतं, टाळांच्या आवाजात गजर बुडाला असता. बरोबरचे एक आजोबा, तेही बीपीवाले, आपली गोळी बुक्क्याच्या डबीत ठेवायचे, संध्याकाळी बुक्का लावला की गोळी. त्यांना भोंगा लागत नव्हता.

ऑगस्ट २०२४ मध्ये घरी मोजायचं मशीन घेतलं, दंडाला पट्टा बांधायचं, एकोणीसशे रुपयांचं. मनगटाचं स्वस्त मिळतं, पण डॉक्टरांनी दंडाचंच सांगितलं, आणि पट्टा दंडाच्या मापाचा आहे ना ते दुकानात बांधून बघायला सांगितलं. तपासणीच्या आधीचा आठवडा सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहितो. घरचं १३५/८५ च्या खाली असावं. माझा वरचा आकडा बहुतेक वेळा १२८ ते १३२ असतो, रात्रपाळीच्या आठवड्यात थोडा चढतो. वही दाखवली की डॉक्टरांचं काम दोन मिनिटांत होतं.

२०२४-२५ चा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला. या वेळी बॉयलर पेटायच्या आधीच तीन पाकिटांवर तारखा घालून ठेवल्या होत्या. मिलवरच्या एका फिटरला नुकतीच गोळी सुरू झालीय, तो विचारत आला, कुठलं अ‍ॅप घेऊ? त्याला मार्कर पेन दिलं. त्याची गोळी वेगळी आहे, दिवसातून दोनदा घ्यायची, त्यामुळे माझा आठचा हिशेब त्याला अर्धाच पुरतो. दुसऱ्या वेळेसाठी त्याचा आलेख कागद आम्ही दोघं भरतोय, आणि गुरुवारी तो केसपेपर काढायला जाणार आहे.